गोळी घेतली म्हणजे क्रूस खाली ठेवला का?

मावशी, नमस्कार.

मी वसईची. वय 47. सहा वर्षांपासून मला आमवात आहे, डॉक्टर त्याला रुमॅटॉइड म्हणतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मुठी वळत नाहीत. मी शिवणकाम करायची. पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक आमच्या गावात माझ्याकडूनच शिवून नेत. आता कात्री धरवत नाही. मिस्टर पहाटे उठून भाकऱ्या थापतात आणि मग लोकल पकडतात. मी बिछान्यातून आवाज ऐकत पडते आणि मला लाज वाटते.

गेल्या वर्षी मी एका प्रार्थना गटात जाऊ लागले. तिथल्या एका भावाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तुझा विश्वास पुरता नाही, कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलंय, म्हणून तू बरी होत नाहीस. विश्वास दाखवायचा म्हणून मी आठवड्याची गोळी सात आठवडे बंद केली. आता गुडघाही सुजलाय. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, देवाने क्रूस दिलाय तर निमूट वाहा, गोळ्या घेऊन तो खाली ठेवू नको. त्यांनी माझ्या उशाशी संत अल्फोन्साचं चित्र ठेवलंय.

मला एवढंच विचारायचंय. माझ्या दुखण्याचा देवाला काही उपयोग आहे का? असेल, तर गोळ्या घेऊन मी तो वाया घालवते का? आणि नसेल, तर मग हे सगळं कशासाठी? कधी कधी वाटतं, देवाने नेलं तर घराचं ओझं तरी उतरेल.

– तुमची एक वाचक

प्रिय पोरी,

आधी गोळ्यांचं बोलू, देवाचं नंतर. देव थांबेल, सांधे थांबत नाहीत.

मी 31 वर्षं नर्स होते, त्यामुळे हे जरा हुकमानेच सांगते. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि सात आठवडे औषध बंद होतं हे लपवू नकोस. ते रागावतील, रागावू देत. आमवातात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यातली सूज उतरवता येते, पण एकदा खाल्लं गेलेलं हाड आणि वाकडं झालेलं बोट कुठलीच गोळी मागे आणत नाही. म्हणून ते औषध नेमाने घ्यायचं असतं. आठवड्याची गोळी म्हणतेस, म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. तसं असेल तर ती आठवड्यातून एकदाच. राहिलेल्या आठवड्यांची भरपाई म्हणून रोज घेऊ नकोस. तसं केलेले पेशंट मी पाहिलेत आणि ते फार वाईट पाहिलंय. पुन्हा कुठल्या डोसने सुरू करायची, आधी रक्त तपासायचं का, हे डॉक्टरच ठरवतील. मधल्या काळात मेडिकलच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनेच्या महिने खाल्ल्या असशील तर तेही सांग. त्या पोटावर आणि मूत्रपिंडावर जातात.

पत्रातली शेवटची ओळ तू घाईघाईत लिहिल्यासारखी दिसते. मी ती तीनदा वाचली. देवाने नेलं तर बरं, हे आपल्याकडे बायका भाजी निवडतानाही बोलून जातात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मी घेते. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मनही आजारी पडतं, आणि सुजलेल्या गुडघ्यासारखाच त्यावरही इलाज असतो. डॉक्टरांना ही ओळ जशीच्या तशी सांग. मिस्टरांनाही सांग. आणि एखाद्या रात्री हा विचार नुसता येऊन न जाता ठाण मांडून बसला तर उजाडायची वाट पाहू नकोस, त्यांना उठव आणि 14416 हा नंबर लाव. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. असं वाटणं हे पाप नाही. लिझ्यूच्या मठातली छोटी तेरेसा क्षयाने गेली तेव्हा 24 वर्षांची होती. 1896च्या ईस्टरपासून शेवटच्या श्वासापर्यंत तिला स्वर्ग दिसेनासा झाला होता, समोर नुसती भिंत आणि काळोख. चर्चने तिला तरीही संत म्हटलं.

आता त्या दोन सल्ल्यांकडे येऊ. मला गंमत वाटली ती ही की प्रार्थना गटातला भाऊ म्हणतो देवाला तू बरी व्हायला हवी आहेस, आणि सासूबाई म्हणतात देवाला तू आजारी हवी आहेस. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटणार नाही. पण दोघेही येऊन हात घालतात तो तुझ्या गोळ्यांच्या डबीला.

त्या भावाला पहिल्यांदा घेते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. बायबल त्याच्या बाजूने नाही. मार्कच्या शुभवर्तमानात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून घराचं छप्पर उसवतात आणि त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी एक शब्दही नाही. त्याचा विश्वास किती होता, कोणी मोजला नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी तुझ्या त्या भावाचाच प्रश्न विचारला होता: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. पौल तर प्रेषित, त्याच्या हातून कितीजण बरे झाले. तरी आपला शिष्य तीमथ्य याला तो लिहितो की सोबतच्या त्रोफिमला मी मिलेत गावी आजारी ठेवून आलो. याच तीमथ्याला वरचेवर पोटाचा त्रास व्हायचा, तेव्हा पौलाने त्याला पाप शोधायला लावलं नाही. नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे, असा घरगुती उपाय सांगितला. आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते एवढंच: “माझी कृपा तुला पुरे आहे.” पौलाचा विश्वास कमी पडला असं त्या भावाला म्हणायचं असेल तर त्याने ते खुशाल म्हणावं.

प्रार्थना सोडू नकोस. बरं होण्यासाठी मागणंही सोडू नकोस. गट मात्र बदल.

सासूबाईंचं उत्तर इतकं सोपं नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात खरं काहीतरी आहे. शिवाय हे वाक्य मी स्वतः एकदा वापरलंय.

मी तेव्हा 23-24ची असेन. ऑर्थोपेडिक वॉर्डात रात्रपाळी होती. मणक्याला क्षय झालेला एक माणूस, चाळिशीचा, रात्रभर कण्हत होता. इंजेक्शनची वेळ झाली नव्हती आणि मला त्याचं कण्हणं ऐकवत नव्हतं. मी त्याच्या खाटेशी जाऊन, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं म्हणून टाकलं: देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं त्यालाच तो दुःख देतो. तो काही बोलला नाही. भिंतीकडे वळला. सकाळी माझी पाळी संपेपर्यंत तो पुन्हा कण्हला नाही, आणि ते कण्हणं थांबल्याचं मला आजवर बरं वाटलेलं नाही. मी त्याचं दुखणं कमी केलं नव्हतं, त्याचं तोंड बंद केलं होतं.

बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं. अंगभर गळवं, हातात खापरीचा तुकडा, राखेत बसलेला ईयोब. तिघे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या पुस्तकात मित्रांनी केलेली चांगली गोष्ट एवढीच. आठव्या दिवशी ते दुःखाचं कारण समजावू लागले आणि तीसेक अध्याय समजावत राहिले. शेवटी देव रागावला तो देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, असं त्यांना ऐकावं लागलं.

तेव्हा तुझ्या ‘कशासाठी’ला मी कारण देणार नाही. माझ्याकडे ते नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून जरा लांब राहावं असं माझं मत आहे.

पण एक भेद सांगते. शिकाऊ असताना मी काही महिने कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात होते. तिथे बायका चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवायच्या आणि हात भाजला हे त्यांना कातडी सुटल्यावर कळायचं. डॉ. पॉल ब्रँड 1946मध्ये वेल्लोरला आले. त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग बोटं खात नाही. दुखणं कळत नाही, म्हणून रोजच्या जखमा आणि भाजण्याने बोटं झडतात. दुखणं हा राखणदार आहे, देवाची देणगी आहे, असं ते म्हणत, आणि त्या वॉर्डात काम केलेल्याला ते पटतंच. तुझा राखणदार मात्र बिघडलाय. चोर नसताना तो रात्रभर शिट्ट्या मारतोय. त्या प्रत्येक शिट्टीत देवाने पाठवलेला निरोप शोधत बसू नकोस. गुडघा सुजला तो औषध थांबवल्यामुळे सुजला.

मग क्रूस? तो आहेच. पण बघ, शुभवर्तमानात येशूकडे बरं व्हायला आलेल्या एकाही आजाऱ्याला तो म्हणत नाही की राहू दे, हे तुझ्या भल्यासाठी आहे. एकालाही नाही. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई, सगळ्यांना त्याने बरं केलं, कधी कधी तर शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडल्याची बोलणी खाऊन. सासूबाई कदाचित म्हणतील की क्रूसावर चढवण्यापूर्वी त्याला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि त्याने तो घेतला नाही. खरं आहे, घेतला नाही. पण ते त्याने स्वतःपुरतं ठरवलं होतं. दुसऱ्याच्या हातातला पेला त्याने काढून घेतला असं कुठे वाचलंयस?

आणि क्रूसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या मरणवाटेवरचे प्रसंग आठवत आपण करतो त्या प्रार्थनेचं, पाचवं स्थान आठव. दर प्रायश्चित्तकाळात आपण त्याच्यासमोर उभे राहतो आणि पटकन सहाव्याकडे सरकतो. येशूला क्रूस एकट्याने वाहवला नाही. शेतावरून येणाऱ्या कुरेनेच्या शिमोनाला शिपायांनी वेठीला धरलं. तो काही भक्त म्हणून पुढे आला नव्हता, जाता जाता सापडला होता. तुझे मिस्टर पहाटे भाकऱ्या थापतात ना? वेठीला धरल्यासारखं त्यांना कधी वाटत असेल, नाही असं नाही. पण देवाच्या पुत्राने जी मदत घेतली ती घ्यायला तुला लाज वाटते, हे मला जरा जास्तच वाटतं. भाकऱ्या वाकड्या होत असतील, एवढीच तक्रार कर.

चर्चचं म्हणणं याहून स्पष्ट आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नेमका तुझा प्रश्न पोपना विचारला होता: ख्रिस्ती माणसाने वेदना सोसायलाच हवी का? 24 फेब्रुवारी 1957ला बाराव्या पायसनी उत्तर दिलं की तसं बंधन नाही. मरणासन्न माणसालाही वेदना कमी करणारं औषध देता येतं, मग त्याने शुद्ध थोडी मंदावली तरी आणि आयुष्य थोडं कमी होणार असलं तरी. तू तर साधी सूज उतरवायची गोळी घेतेस. आपल्याच वसईत रमेदीचं चर्च आहे. पोर्तुगीजमध्ये रेमेदियो म्हणजे औषध, उपाय. आपल्या वाडवडिलांनी पवित्र मरियेला औषधांची माता म्हणून हात जोडले. तिला वंदन करायचं आणि गोळी मात्र कचऱ्यात टाकायची, हे जमायचं नाही.

अल्फोन्साचं चित्र मात्र काढू नकोस. केरळातल्या भरणंगानमच्या मठात ती 1946मध्ये गेली, अवघी 35 वर्षांची. आयुष्याचा केवढा तरी भाग आजारपणात गेला. आता एक गंमत सांगते. सोसायची आठवण म्हणून जिचं चित्र तुझ्या उशाशी आहे, तिच्या कबरीवर लोक कशाला जातात? बरं व्हायला. 12 ऑक्टोबर 2008ला तिला संतपद मिळालं, त्यासाठी चर्चने ग्राह्य धरलेला चमत्कार होता जन्मतः वाकडे पाय असलेल्या एका बाळाचे पाय सरळ झाल्याचा. चर्चने तिचं दुखणं संत केलं नाही, तिला केलं. दुखणं तिने स्वतःच्या तोंडाने देवाला वाहिलं होतं. मठातल्या कोणी तिच्या वतीने वाहून टाकलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाची गाठ मला वाटतं इथे आहे. ‘अर्पण कर’ हे वाक्य दुसऱ्याने म्हटलं की त्याचा हुकूम होतो. आपण म्हटलं तरच ती प्रार्थना असते. फुलं माझ्या परड्यातून काढून कोणी देवाला वाहिली तर ती माझी पूजा नव्हे, असं आमच्या शेजारच्या आजी म्हणायच्या. त्या हिंदू होत्या, पण इथे अगदी बरोबर बसतं.

आणि अर्पण नेमकं कशाचं? वेदनेचं नाही. देवाला वेदना आवडत नाही. तो काही भांडं लावून तुझ्या वेदनेचे किती थेंब पडले ते मोजत बसलेला नाही. अर्पण तुझं असतं, तू त्या वेळी जशी असशील तशी. सुजलेली, चिडलेली, गोळीने थोडी गुंगलेली. पौल कलस्सैकरांना लिहितो की ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी आपल्या देहात भरून काढतो. या ओळीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत, प्रॉटेस्टंट भावंडं ती आपल्यासारखी वाचत नाहीत. पण एक गोष्ट सगळ्यांनाच मान्य आहे: ख्रिस्ताच्या बलिदानात काही कमी पडलेलं नाही, ते तुझ्या गुडघ्याने भरून काढायचं नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर 13 मे 1981ला गोळ्या झाडल्या गेल्या, महिनोन्‌महिने त्यात गेले. पुढे 11 फेब्रुवारी 1984ला त्यांनी दुःखाच्या अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिलं. मला त्यातला शेवटाकडचा भाग सगळ्यात खरा वाटतो, कारण तिथे ते दुःखाची व्याख्या सोडून, रस्त्यात पडलेल्या जखमीला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची येशूने सांगितलेली गोष्ट घेतात. दुःख आहे तिथे प्रेम बाहेर पडतं, असा त्यांचा सूर आहे: सोसणाऱ्याकडूनही आणि सोसणाऱ्याला उचलणाऱ्याकडूनही. जखमी माणूस रस्त्यात ‘उपयोगी’ नव्हता. तरी गोष्ट त्याच्याभोवतीच घडते.

हा ‘उपयोग’ शब्द मला टोचला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातून चिंधीही वाया जात नाही, त्यामुळे दुखणंही वाया जाऊ नये असं तुला वाटतं, ते मी समजू शकते. पण माझ्याच कमरेच्या दुखण्यात मी तीन महिने पाठीवर होते तेव्हा भेटायला येणारी माणसं मला अशाच गोष्टी सांगायची. मेरी व्हर्गीसची तर चौघांनी सांगितली. वेल्लोरची तरुण डॉक्टर, 1954मध्ये अपघातात कमरेखालचं अंग गेलं, मग व्हीलचेअरवरून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. सगळं खरं आणि थोर आहे. पण मला तेव्हा कुशीवर वळता येत नव्हतं, आणि ती गोष्ट ऐकली की वाटायचं, दुखणं तर आहेच, वर आता एक विभागही उभा करायचा? तू व्हीलचेअरवरून शस्त्रक्रिया कराव्यास अशी देवाची अपेक्षा नाही. फ्रॉक शिवले नाहीस तरी चालेल.

मला जी आठवते ती वेगळीच बाई. वॉर्डात खुब्याचं हाड मोडून आलेली, पासष्टीची, तोंडाने फटकळ. ड्रेसिंगच्या वेळी शिव्या घालायची, अगदी सिस्टरांनाही. पहाटे तीनला दुखण्याने झोप मोडली की बेल वाजवायची. मी धावत जायची, तर म्हणायची, माझं काही नाही गं, त्या सातव्या खाटेवरची पोरगी रडतेय, तिच्याकडे जा. झोप लागली असती तर त्या पोरीचं रडणं तिला ऐकूच आलं नसतं. एवढंच. त्याला प्रयोजन म्हणायचं की नाही, फादरांना विचार. मी त्या दीड महिन्यात तिच्याकडून जे शिकले ते नंतर कुठल्या मनन-शिबिरात शिकले नाही.

तेव्हा तुला काही करायचंच असेल तर हे कर. पहाटे भाकऱ्या थापण्याचा आवाज येतो आणि मुठी वळत नाहीत, तो तास-दीड तास. त्यात एका माणसाचं नाव घे. मोठं काही नको. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या मिस्टरांचं घे, दुसरी एखादी आमवाताची बाई ओळखीची असेल तर तिचं घे. “प्रभू, आज मी ही अशी आहे, मला त्याच्यासाठी घे.” इतकंच. एखाद्या सकाळी तेही सुचणार नाही, नुसता राग येईल. तो दे. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढून वाच. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटाकडे तरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र पुस्तकात ठेवलंय, कोणी वर ‘आमेन’ची ठिगळं लावली नाहीत.

जपमाळेचे मणी सरकत नसतील तर मणी सोड. नमो मरियेचा अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि अर्धा दुसऱ्याने, अशीच आपली घरातली पद्धत आहे. मणी सासूबाई ओढतील, तू उत्तर दे.

आणि सासूबाईंवर फार रागावू नकोस. 78 वर्षांची बाई, म्हणजे त्यांच्या तरुणपणी वसईच्या वाडीतल्या बाईला गुडघेदुखीवर काय मिळत होतं? लेप, शेक आणि ‘क्रूस आहे, वाहा’. बाकी काही नसताना त्या एका वाक्यावर त्यांनी बाळंतपणं काढली, विहिरीचं पाणी काढलं. आपल्याकडे होतं नव्हतं ते त्यांनी तुझ्या उशाशी आणून ठेवलंय. एखाद्या दुपारी त्यांना विचार, आई, तुमचं काय काय दुखतं? बहुतेक आजवर कोणी विचारलं नसेल. गुडघे सुजलेले दिसले तर डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही रिक्षात घाल.

आणखी एक. फादरांना सांगून रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी, घे. आपल्याकडे अजून समज आहे की फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं, आता पेटी सांगायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1972मध्ये हा विधी बदलला. हे मरणाऱ्याचं तेल राहिलेलं नाही, आजाऱ्याचं आहे, आणि दुखणं वाढलं तर पुन्हाही घेता येतं. याकोबाच्या पत्रात सांगितलंय तेच: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. बोलवायचं आजाऱ्याने, म्हणजे फोन तूच कर. तेल कपाळाला आणि तळहातांना लावतात. मुठी उघडत नसतील तर घाबरू नकोस, जेवढा तळवा दिसेल तेवढ्यावर फादर लावतील. 11 फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, जागतिक आजारी दिन असतो; त्या दिवशी आजाऱ्यांसाठी खास मिस्सा ठेवला तर मागे उभी राहू नकोस. पुढच्या बाकावर बस, गुडघे टेकू नकोस, आणि कोणी वळून पाहिलं तर पाहू दे.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. हाताने लिहिवत नसेल तर मिस्टरांकडून लिहून घे, भाकऱ्यांचं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं तर बरं होईल.

तुझी,
मावशी